सकरीची हाक

हिंगोलीत मी राहते त्या गल्लीत माझा आवाज बदनाम आहे. नळाला पाणी आलं म्हणून शेजारच्या सुनेला हाक मारावी, तर तिच्याआधी सगळी गल्ली बादल्या घेऊन बाहेर येते. आमचे हे म्हणतात, तुला फोन कशाला पाहिजे, खिडकीतून बोललीस तरी नांदेडला ऐकू जाईल. म्हणोत बापडे. पन्नाशी उलटली, आता चिडण्यातही पूर्वीची मजा राहिली नाही. पण एक गोष्ट मी यांच्यापैकी कोणालाच सांगितलेली नाही. हा आवाज मुळात माझा नव्हता. माझा आवाज किरटा होता, चुलीपासून उंबऱ्यापर्यंतही धड पोचत नसे. तो एका हिवाळ्यात बदलला, आणि त्या हिवाळ्याबद्दल लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आले.

आमचा तांडा आखाडा बाळापूरच्या पुढे, पैनगंगेकडच्या डोंगराला लागून. आमचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. ते हिंडणं संपलं, वाट्याला खडकाळ जमीन आली आणि तांडा बसला. बैलांचे तांडे गेले, पण जनावरांचं वेड काही गेलं नाही. बाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरात धड कौलं नसतानाही गाई कमी केल्या नाहीत. दिवाळी झाली की खाली शेतांत ज्वारी-हरभरा उगवून आलेला असायचा. तिथं जनावराचं तोंड पडलं की भांडण ठरलेलं. म्हणून आम्ही सगळ्या गाई डोंगरावर नेऊन सोडून द्यायचो. दावं नाही, गोठा नाही, राखणीला माणूस नाही. त्या आपल्या आपण चरायच्या, पळसाखाली बसायच्या, ओहोळाच्या डोहात पाणी प्यायच्या आणि थेट शिमग्याला खाली यायच्या. खालच्या गावातले शेतकरी बाला चिडवायचे, "गुरं हायेत का हरणं तुमची?" बा नुसता मिशीत हसायचा. कारण गाई सुटलेल्या असल्या तरी सुटलेल्या नव्हत्या, आणि त्यातली गोम त्याला ठाऊक होती.

डोंगराच्या पहिल्या टप्प्यावर एक पसरट शिळा होती. दर तीन-चार दिवसांनी दिवस कलताना तिच्यावर जाडं मीठ ओतायचं आणि हाक मारायची. हाक ऐकली की गाई असतील तिथून उतरायच्या, मीठ चाटायच्या, आम्ही त्यांच्या अंगावरून हात फिरवायचो, गोचिड्या काढायचो, कोणती गाभण आहे, कोणती लंगडते ते बघायचो, आणि पुन्हा त्यांना जाऊ द्यायचो. मीठ हे निमित्त. खरं काम हाकेचं. बा म्हणायचा, "मीठ न्हाई दिलं तर गाय रुसती. हाक न्हाई मारली तर गाय मानूस इसरती." माणूस विसरलेली गाय शिमग्याला धरायला गेलं की पळते, रानात विते, वासरू बिबट्याच्या तोंडी जातं, आणि एका हिवाळ्यात अख्खा कळप हातचा जातो.

ही हाक आमच्या घरात सकरीची होती. सकरी माझी थोरली बहीण. उंच, तोंडाळ, हसायला लागली की भाकर करपेपर्यंत हसणारी. माझ्या आईला, आमच्या बोलीत याडीला, ती सदा उलटं बोलायची आणि सगळ्यांत जास्त याडीच्याच मागे-मागे असायची. स्वतःच्या आणि सकरीच्या ओढणीला, घागऱ्याला याडीनं एकसारखे घुंगरू शिवले होते. अंगणातून छुमछुम आली की आत बसलेल्या मला कळायचं नाही, कोण येतंय. संध्याकाळी याडी चुलीपुढे ज्वारीची भाकर थापायची, तव्यावर लसूण-तिळाचा खमंग वास उठायचा, मडक्यात तुरीच्या ओल्या शेंगा शिजत असायच्या, आणि तेवढ्यात डोंगराकडून सकरीची हाक यायची. तिला शब्द नव्हते. सुरुवात खोल, पोटातून, मग उंच चढत जायची, आणि मध्येच उचकी लागावी तशी एकदा तुटायची आणि पुन्हा जोडायची. ती तुटायची जागा सकरीचीच. तांड्यात दुसऱ्या कोणालाही ती जमायची नाही. मी कधी तिच्याबरोबर जाऊन हाक मारली तर बा म्हणायचा, "मोती, तुझ्या हाकेनं कुत्रंबी येत न्हाई." मी फुरंगटायची. पण रात्री एका गोधडीत झोपताना मी सकरीच्या गळ्यावर बोटं ठेवायची आणि ती हळू आवाजात मला ती तुटायची जागा दाखवायची.

सकरीच्या हाकेला सगळ्यांत आधी यायची ती बगळी. बगळी कळपाची म्होरकी. पांढरीशुभ्र, एक शिंग जरा खाली वळलेलं. ती उतरली की बाकीच्या मुकाट्यानं तिच्या मागे. पाणवठा तिला माहीत, वाट तिला माहीत, बिबट्याचा वास तिला आधी यायचा.

सकरीचं लग्न उन्हाळ्यात झालं, तिला हिंगोलीपलीकडच्या गोरेगावच्या तांड्यात दिलं. आमच्यात नवरी सासरी जायला निघाली की तिला बैलाच्या पाठीवर उभं करतात. तिथं उभी राहून, हात वर करून, ती रडत-गात तांड्याचा निरोप घेते. आईचा, बापाचा, विहिरीचा, चुलीचा, सगळ्यांचा. सकरी उभी राहिली. गायली. ऐकणाऱ्या बायका ओढणीत तोंड खुपसून रडत होत्या. आणि गाणं संपता-संपता ती डोंगराकडे वळली आणि तिनं आपली ती हाक मारली. कशाला मारली, तिचं तिला ठाऊक. उन्हाळ्याचे दिवस, गाई ओढ्यापलीकडे सावलीला बसलेल्या. बगळी उठली ती थेट वऱ्हाडात घुसली. मांडवाची एक मेढ आडवी झाली, वरबापाचा फेटा उडाला, पोरं किंचाळत पळाली. आणि बगळी येऊन सकरी उभी होती त्या बैलाला अंग घासत थांबली. सकरी वरूनच वाकून तिच्या गळ्यात पडली. बाला ते बघवलं नाही. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "बगळी आंदण दिली. जा घेऊन."

तांड्याचे म्हातारे प्रमुख, नाईक, बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, "दुसरी कोन्तीबी दे रे. म्होरकी देत नसतेत. गाय नव्हं, वाट देऊन राहिला तू."

"माझी लेक चालली नाईकबा, वाटेचं काय घेऊन बसलात," बा म्हणाला. आणि बगळी सकरीच्या मागे गोरेगावला गेली.

त्यानंतरचा हिवाळा. गाई डोंगरावर सोडल्या, हाकेला मी. माझ्या किरट्या हाकेला गाई यायच्या, पण कशा, तर एकेक, रेंगाळत, उपकार केल्यासारख्या. म्होरकी नाही म्हणून आपापसात ढुशा द्यायच्या. तरी येत होत्या. आणि एका सकाळी मी अंगण झाडत असताना वाटेवर पांढरं काहीतरी दिसलं. बगळी. गळ्यात तुटलेलं दावं, पायांना वाळलेला चिखल, पोट आत गेलेलं. गोरेगाव ते आमचा तांडा, जीपनंसुद्धा माणूस मेटाकुटीला येतो. ती एकटी चालत आली होती.

याडीला इतका आनंद मी नंतर कधी बघितला नाही. "बघा, बघा, लेकीआधी गाय आली माहेराला!" असं म्हणत ती घरोघर सांगत सुटली. आंदणाची गाय परत आली तर ती लेकच आली असं आमच्याकडे धरतात. तिला आल्या पावली परत पाठवायचं नसतं. पाय धुवायचे, कपाळाला कुंकू लावायचं, गोड खाऊ घालायचं, ठेवून घ्यायचं, आणि बाजाराच्या दिवशी नारळ देऊन सन्मानानं पोचवायचं. याडीनं सगळं केलं. गुळाची लापशी शिजवून स्वतःच्या हातानं चारली. बगळी खात होती, मध्येच थांबून गोरेगावच्या वाटेकडे तोंड करून हंबरत होती. मी म्हणाले, "याडी, ही अशी काहून करून राहिली?"

"सकरीची आठवण येती तिला. बाजारच्या दिशी बा जाईल की घेऊन. सकरीलाबी भेटंल."

गुळाची लापशी आजही मला चालत नाही. सणावाराला घरात केली तर मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

बाजाराच्या दिवशी सकाळीच, बा नारळ घेऊन निघायच्या आधी, जीप आली. सकरीच्या सासरचा एक माणूस उतरला. त्यानं कोणाकडे बघितलं नाही, आधी बगळीकडे बघितलं. तिच्या कपाळावर कुंकू होतं. "ही हितं हाय व्हय?" तो म्हणाला. "पोरीला ताप चढला त्याच दिशी दावं तोडून गेली. घरात बिमारी, गाईला कोन बघतंय." मग त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि पुढचं सांगितलं. सकरी काल दुपारी गेली होती. ताप डोक्यात गेला म्हणे. शेवटपर्यंत याडी-याडी करत होती.

काल दुपारी आम्ही बगळीला लापशी चारत होतो.

याडी रडली नाही. ती बगळीकडे बघत राहिली. गाय सांगायला आली होती आणि आम्ही सण करत बसलो. आल्या दिवशीच निघालो असतो तर पोर जिती दिसली असती. हे ती त्या वेळी बोलली नाही, आयुष्यभर बोलली. त्या वेळी तिनं फक्त वाकून दगड उचलला आणि बगळीला मारला. मग दुसरा. बगळी आधी जागची हलली नाही, मार खात उभी राहिली. बाने याडीचा हात धरला तोवर गाय डोंगराच्या वाटेला लागली होती.

ती वर गेली आणि कळप तिला मिळाला. म्होरकी परत आली, गाईंना आणखी काय पाहिजे? पण बगळी आता माणसाकडे येणार नव्हती. आणि ती येणार नाही तर बाकीच्याही येणार नव्हत्या. मी शिळेवर मीठ ओतायची, माझी हाक मारायची, आणि वरच्या टप्प्यावर झाडांतून पांढरं काहीतरी पाठ वळवून जाताना दिसायचं. मीठ दवानं पाघळून जायचं. बा पहाटेपासून डोंगर हिंडायचा. जवळ गेला की गाई शेपट्या वर करून उधळायच्या, आमच्याच गाई, ज्यांच्या पाठीवर आम्ही लहानाच्या मोठ्या झालो. पौषात दोघी-तिघींचे दिवस भरत आले होते. एका संध्याकाळी बा परत आला, त्यानं धोतराच्या सोग्यातून काहीतरी काढून ओट्यावर ठेवलं. वासराचा एक खूर. अजून पिवळा, मऊ, जमिनीवर धड टेकलाही नसेल असा.

नाईक घरी आले. त्यांनी खूर बघितला आणि मला विचारलं, "सकरीची हाक येती ना गं तुला?"

मी उत्तर द्यायच्या आधीच याडी चुलीपासून उठली. "न्हाई. तिची हाक कोनी मारायची न्हाई. वरीस सरल्याबिगर न्हाई." तांड्याचा दंडक तसाच आहे. मेलेल्या माणसाची हाक वर्षाच्या आत कोणी दिली तर ते माणूस अर्ध्या वाटेवरून मागे फिरतं आणि मग त्याला ना इकडची वाट सापडते, ना तिकडची. नाईकांनाही तो माहीत होता. ते मान खाली घालून म्हणाले, "बराबर हाय तुझं. पण वरीस सरंस्तोवर डोंगरावर काय ऱ्हाईल, सांग." याडी पुन्हा चुलीपुढे जाऊन बसली. त्या रात्री आम्ही तिघांनी भाकरी समोर ठेवल्या आणि तशाच उचलून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दिवस कलताना मी मिठाचं गाठोडं घेऊन शिळेकडे गेले. ठरवून गेले होते असं म्हणणार नाही. आधी माझीच हाक मारली. वर काही हललं नाही. थंडी पडायला लागली होती, पळसाची पानं गळून डोंगर उघडा दिसत होता. मला तो पिवळा खूर दिसत होता. मी स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवली, सकरीच्या ठेवायची तशी, आणि हाक मारली. खोलातून निघाली, चढली, बरोबर त्या जागी तुटली, जोडली. तो आवाज माझा नव्हता. समोरच्या कड्यावर आपटून तो परत आला तेव्हा तर सकरीच पलीकडून ओ देत होती.

आधी एक दगड घरंगळला. मग गळ्यातल्या घंटा. एक, दुसरी, मग सगळ्या एकदम. आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागून, खालच्या वाटेनं, घुंगरू वाजले. छुमछुम, छुमछुम, धावत येणारे. ते घुंगरू मी झोपेतही ओळखले असते. मागे वळायची माझी छाती झाली नाही. दंडक खरा होता आणि मी तिला अर्ध्या वाटेवरून फिरवलं होतं, याबद्दल त्या घटकेला माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण भीतीच्या खाली दुसरंही होतं. ये, असं वाटलं. कशी का असेना, ये.

घुंगरू माझ्या शेजारी येऊन थांबले. याडी होती. अनवाणी, हाताला भाकरीचं पीठ, छातीचा भाता झालेला. ती मला रागावली नाही, मारलं नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती वर बघत होती. बगळी सगळ्यांच्या पुढे उतरत होती, तिच्यामागे बाकीच्या, हाडं निघालेल्या, अंगाला काटे-कुसळं लागलेल्या, आणि सगळ्यांत मागे एक पहिलारू गाय नुकतं झालेलं वासरू चाटत-ढकलत आणत होती. बगळी शिळेपाशी आली. याडीनं मीठ पिठाच्या हातावर घेतलं आणि तिच्यापुढे धरलं. बगळीनं आधी हुंगलं, मग त्या हाताला चाटलं, ज्या हातानं दगड मारला होता त्याला.

गाई मीठ चाटत राहिल्या आणि याडी त्यांच्यावरून नजर काढून वाटेकडे बघत राहिली. शेवटची गाय उतरून गेली होती तरी बघत होती. वाट मोकळी होती. खूप वेळ मोकळीच राहिली. तेव्हा मला उमगलं की दंडकाचं तिला भय नव्हतं. सकरी मागे फिरेल याची भीती नव्हती तिला. हाक मारूनही ती येणार नाही, याची होती. हाक जोवर कोणी मारली नव्हती तोवर तिच्यापुरती सकरी डोंगरापलीकडे कुठंतरी होती.

अंधारून आलं तेव्हा तिनं विचारलं, "सगळी आली का?"

मी म्हणाले, "व्हय. सगळी आली."

"मग चल."

कळप वाचला. पुढचे कितीतरी हिवाळे मी सकरीच्याच हाकेनं गाई उतरवल्या. माझी हाक पुन्हा कधी लागलीच नाही, आणि बोलण्याचा आवाजही हळूहळू तसाच होत गेला. तांड्यातल्या म्हाताऱ्या मला मोती म्हणता-म्हणता सकरी म्हणून जायच्या आणि जीभ चावायच्या. बगळी म्हातारी होऊन गेली. मग डोंगरावर चराईबंदी आली, बा गेला, गाई एकेक करून गेल्या, आणि मी याडीला इकडे हिंगोलीला आणलं. दोन खोल्या, वरचा मजला. याडीला दिवस कलला की चैन पडायचं नाही. दारात बसून विचारायची, "सगळी आली का गं?" तिला ठाऊक होतं गाई नाहीत. मीही रोज म्हणायची, "आली याडी." आमच्या ह्यांना वाटायचं म्हातारपणी डोकं चळलं.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात एकदा मी दमले होते, पोरांचं आवरून, पाणी भरून अंग आंबलं होतं. तिनं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एक राहिली, याडी."

मला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही. गोधडीतून हात काढून तिनं खिडकीकडे दाखवलं. "ठावं हाय मला. तू हाक मार. मी वाट बघते."

मी खिडकी उघडली. खाली रस्ता, भाजीच्या गाड्या, रिक्षांचे भोंगे, कचऱ्यात तोंड घालून उभी मोकाट गुरं. मी गळ्यावर बोटं ठेवली आणि हाक मारली. रस्त्यावरची माणसं थांबून वर बघायला लागली. आणि त्या मोकाट गुरांतल्या एका गाईनं, जिनं आमचा डोंगर कधी बघितला नव्हता, मान वर केली आणि ती खाली आमच्या दारापर्यंत चालत आली.

मागून याडीनं विचारलं, "आली?"

मी खिडकीतून वळले नाही. म्हणाले, "आली."